गुंजवण्यातली लाल खुर्ची

शर्यतीला नऊ दिवस राहिलेत आणि मला करण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

गेले चार महिने आठवड्याला 60-65 किलोमीटर पळत होते. आता दादांनी सांगितलंय, फक्त 25, तेही सपाटीला, तेही हळू. (दादा कोण ते पुढे येईल.) अशी अचानक रिकामी झालेली बाई घरच्यांना किती जड होते ते आमच्याकडे येऊन बघा. परवा मी फ्रीज धुतला. काल माळ्यावरचे पितळेचे डबे उतरवून चिंचेने घासले आणि परत माळ्यावरच ठेवले. आज सकाळी जिना उतरताना उजव्या गुडघ्यात काहीतरी लचकलं. दिवसभर त्याला बर्फ, त्याची चाचपणी, लेकीच्या मागे लागणं, "बघ गं, इथे सूज वाटते का?" संध्याकाळी उजवा बरा झाला आणि डावा दुखायला लागला. लेक म्हणाली, "उद्या मानेचा नंबर का?"

पळणाऱ्यांच्या भाषेत याला टेपर म्हणतात. शेवटच्या दोन-अडीच आठवड्यांत मेहनत वाढवली तर तिचा फायदा शर्यतीपर्यंत अंगी लागत नाही, थकवा मात्र नक्की राहतो. म्हणून पळणं कमी करायचं, झोपायचं, भात-पोळी नीट खायची. बाकीच्यांना हे वाचायला सुखाचं वाटेल. प्रत्यक्षात काय होतं, की पाय मोकळे झाले की डोकं पळायला लागतं. माझं डोकं रोज एकाच ठिकाणी जातंय. राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे गाव, पहाटेचे तीन, आणि तिथली एक लाल प्लास्टिकची खुर्ची.

शर्यत तशी सांगायला सोपी आहे. सिंहगड, राजगड, तोरणा. पुण्यात ट्रेक करणाऱ्या कोणालाही हे तीन गड एका दमात म्हणता येतात, एस-आर-टी म्हणून. फरक एवढाच की लोक ते दोन किंवा तीन दिवसांत करतात, मुक्काम करत, पिठलं-भाकरी खात. आम्ही शनिवारी रात्री नऊला सिंहगडाच्या पायथ्यापासून निघायचं आणि रविवारी दुपारच्या आत तोरण्याखाली वेल्ह्यात पोचायचं. अंतर साधारण 55 किलोमीटर, सगळी चढाई एकत्र केली तर अडीच हजार मीटरच्या आसपास. रस्त्यावरचं 55 आणि हे 55 यांचा काही संबंध नाही. रस्त्यावर मी तासाला आठ किलोमीटर जाते. इथे तासाला चार गेले तर देवाला नारळ.

आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढायचा, म्हणजे पहिल्याच तासात 600 मीटर. मग कल्याण दरवाज्याने बाहेर पडून डोंगराच्या धारेने दक्षिणेकडे, चढ-उतार-चढ-उतार, विंझरच्या बाजूला खाली. डांबरी रस्ता ओलांडायचा, साखर गावावरून गुंजवण्यात. तिथून चोर दरवाज्याची वाट, राजगडाची पद्मावती माची, उजाडता उजाडता संजीवनी माची, आणि तिच्या अळू दरवाज्यातून बाहेर पडून तोरण्याकडे जाणारी लांबलचक धार. शेवटी बुधला माची, मेंगाईचं देऊळ, बिनी दरवाजा आणि गुडघ्यांची परीक्षा घेणारी वेल्ह्याची उतरण. तोरणा 1,403 मीटर, आणि तो येतो तेव्हा तुम्ही रात्रभर जागे असता. ज्याने कोणी हा क्रम लावला त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

गेल्या वर्षी मी यातलं अर्धंच केलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी गुंजवण्यात पोचले. वेळेत होते, उलट पुढेच. तिथून निघायची शेवटची मुदत साडेचार, म्हणजे हातात 80 मिनिटं. पोट जरा ढवळत होतं, दवाने मोजे ओले झाले होते, थंडी होती. स्वयंसेवकांनी एका घरापुढच्या अंगणात टेबल मांडलं होतं आणि त्या घरच्या मावशी चुलीवर चहा करत होत्या. चुलीशेजारी खुर्ची. मी म्हटलं, मोजे बदलते. दोन मिनिटं.

बूट काढला. एका हातात चहा आला. दुसरा बूट काढला. पाठीमागून चुलीची ऊब. दहा मिनिटांत घामाचं अंग गार पडलं आणि दात वाजायला लागले. मावशींनी गोधडी आणून टाकली. पुढचं मला आठवत नाही, कारण मी झोपले होते. सव्वाचारला एक पोरगा हलवून विचारत होता, "ताई, निघताय ना?" मी त्याच्याकडे बघितलं. माझं काहीही मोडलेलं नव्हतं. पायांना फोड नव्हते. चक्कर नव्हती. आणि मी अगदी शांतपणे, जसं काही कोणी भाजी वाढू का विचारावं, तसं म्हटलं, "नको."

सातनंतर ऊन पडलं. राजगडाच्या सुवेळा माचीला आधी, मग खाली. तिथलं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, अंगणातून स्पष्ट दिसत होतं. पोट ठणठणीत, पाय ताजे, मी दोन कप चहा आणि वाटीभर पोहे खाऊन बसलेली. परत नेणाऱ्या टेम्पोत शेजारी एक तरुण मुलगा होता, त्याचा घोटा टम्म सुजला होता. मी त्याला क्रेप बँडेज बांधून दिलं. त्याने विचारलं, "तुम्हाला काय झालं, मावशी?" मी म्हटलं, "पोट." खोटं होतं ते.

हे मला इतकं का लागलं याचं कारण माझा पेशा. मी नर्स आहे. 21 वर्षं झाली. महिन्याला आठ-दहा नाईट लागतात, रात्री आठ ते सकाळी आठ. पहाटेचे तीन हे मला जेवढं माहीत आहे तेवढं या शर्यतीतल्या कोणालाच माहीत नसेल, असा माझा गर्व होता. त्या वेळी शरीराचं तापमान उतरत जातं, साधारण चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं. नातेवाईक बाकावर आडवे झालेले असतात. पेशंट उगाच घाबरतात, घर आठवतं, "सिस्टर, मी वाचेन ना?" हा प्रश्न दुपारी तीनला कोणी विचारत नाही. आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. नवी मुलगी आली की आम्ही तिला सांगतो, तीन ते पाच बसू नकोस, चालत राहा, कुठलंतरी रजिस्टर काढून लिहीत बस पण उभ्याने. एवढं दुसऱ्यांना शिकवणारी मी, मी खुर्चीत बसून झोपले.

वर्षभर याचा विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. वॉर्डात मी रात्री जागी राहते यात माझं कर्तृत्व फार कमी आहे. तिथे घंटी वाजते. सलाईन संपतं, मॉनिटर ओरडतो, 14 नंबरच्या आजी उठून चालायला लागतात. कोणीतरी सतत मला हाक मारत असतं. डोंगरात कोणी हाक मारत नाही. तिथे घंटी वाजवणारी मीच आणि उठून जाणारीही मीच.

तर या वर्षीची तयारी पायांची कमी आणि त्या एका तासाची जास्त.

आता दादा. दादा रिक्षा चालवतात, रात्रपाळीची, स्टेशनच्या बाजूला. वय 53. ही शर्यत त्यांनी तीनदा पूर्ण केली आहे आणि त्याबद्दल ते कधी आपणहून बोलत नाहीत. माझी नाईट संपल्यावर एकदा त्यांच्याच रिक्षात बसले, हॅण्डलजवळ शर्यतीचा जुना बिल्ला लटकत होता, तिथून ओळख. गेल्या वर्षीची हकिकत मी त्यांना खरी सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, थंडीत रिक्षा बंद केली की मग हँडल ओढून ओढून खांदा जातो. चालूच ठेवायची. गिअर नका टाकू, पण बंद नका करू."

ऑगस्टपासून आम्ही पंधरवड्यातून एकदा रात्री अकरा वाजता निघायचो. मी, दादा आणि त्यांची पुतणी. ती पळत नाही, पण मला रात्री डोंगरावर पुरुषाबरोबर एकटं जावं लागू नये म्हणून ती येते, असं तिने सांगितलं. खरं कारण असं की तिला पोलीस भरतीची तयारी करायची आहे आणि घरून याच निमित्ताने परवानगी मिळते. आतकरवाडीत रिक्षा लावायची, दोनदा सिंहगड चढायचा-उतरायचा, आणि तिसऱ्यांदा चढताना साडेतीन वाजलेले असले पाहिजेत. पुण्यात पळणारी माणसं "आज दोन सिंहगड केले", "आज तीन" असं पोळ्या मोजाव्यात तसं बोलतात. दिवसा केलेले तीन आणि रात्रीचे तीन यांत केवढा फरक आहे हे मला यंदा कळलं. दिवसा तिसऱ्या सिंहगडाला मांड्या बोलतात. रात्री तिसऱ्या सिंहगडाला कोणीतरी कानात सांगतं, घरी जा, तुझं इथे काय आहे.

पावसाळा सरल्यावर एकदा कात्रज ते सिंहगडही केलं. जुन्या बोगद्यावरच्या वाघजाईच्या देवळापासून निघायचं, टेकड्या मोजत. त्या तेरा आहेत की सोळा यावर पुण्यात एकमत नाही आणि होणारही नाही, कारण सहाव्या टेकडीनंतर मोजणाऱ्याचा स्वतःवरच विश्वास उरत नाही. पौर्णिमेला तिथे जत्रा असते. आम्ही मुद्दाम अमावास्येच्या आसपास गेलो, कारण शर्यतीच्या रात्री चंद्र नाही. उजवीकडे पुण्याचा लखलखाट, डावीकडे खाली महामार्गावरच्या ट्रकांची माळ, आणि पायाखाली मात्र काळोख आणि घसारा. एका उतारावर दोन हिरवे डोळे दिसले. तिघंही थिजलो. दादांनी शिट्टी तोंडात धरली. डोळे हंबरले. कोणाची तरी म्हैस होती, रात्रभर बाहेर राहिलेली.

त्या रात्री शिकलेली खरी गोष्ट बॅटरीची. डोक्यावरची बॅटरी डोळ्यांच्या रेषेतच उजेड पाडते, त्यामुळे दगडाची सावली दगडाच्या मागे लपते आणि सगळी वाट सपाट वाटते. खड्डा आहे की उंचवटा हे पाय टाकल्यावर कळतं. दादा कमरेला एक आणि डोक्यावर एक असे दोन दिवे लावतात. खालून उजेड आला की प्रत्येक दगडाला सावली फुटते. मी आता पट्ट्याला दुसरी छोटी बॅटरी अडकवते आणि निम्म्या ठेचा कमी झाल्या. डिसेंबरातलं वाळकं गवत मात्र कुठल्याच उजेडात कळत नाही. ते नुसतं वाळलेलं दिसतं आणि साबणासारखं घसरतं. आणि ढोरवाटा. गुरांनी पाडलेल्या वाटा खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात, बघून वाटतं हीच, आणि दहा मिनिटांनी कारवीत जाऊन संपतात. दादांचा नियम साधा आहे. वाटेवर खुणेला बांधलेली शेवटची चमकणारी रिबन बघून पाच मिनिटं झाली आणि पुढची दिसली नाही, की हुशारी न करता मागे फिरायचं.

खाण्याचं सांगते, कारण गेल्या वर्षी माझं पोट खरंच ढवळलं होतं, आणि त्यातला दोष सगळा माझा. दुकानातून आणलेल्या गोड चिकट जेलच्या आठ पुड्या, घरी एकदाही न वापरता, थेट शर्यतीत. पळताना रक्त पायांकडे जातं, पोटाला कमी मिळतं, त्यात रात्री पोट तसंही झोपेच्या तयारीत असतं. त्या पोटात असलं ओतलं की ते परत पाठवणारच. यंदा उकडलेले बटाटे, मीठ आणि जिरेपूड लावून. मध्यम बटाट्यात साधारण 25-30 ग्रॅम कार्बोदकं असतात आणि मला तासाला 50-60 ग्रॅम लागतात, म्हणजे हिशोब तोंडी करता येतो. शिवाय खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि गूळ-तूप लावलेली पोळी गुंडाळून. सासूबाईंनी मेथीचे लाडू देऊ केले होते. त्यांना दुखावल्याशिवाय नाही कसं म्हणायचं यात माझी एक संध्याकाळ गेली.

पाण्याबद्दल मात्र मी शर्यतीतल्या सगळ्यांना पकडून सांगत सुटते, पेशाची खोड. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात. मळमळ, डोकं जड, गोंधळ. माणूस मग आणखी पाणी पितो. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरला एक, बास. "जरा स्ट्राँग करते" म्हणून अर्ध्या लिटरमध्ये घालू नका. आणि दुखतंय म्हणून वाटेत पेनकिलर घेऊ नका, पाण्याची ओढ असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात. हे सांगितलं की लोक मान डोलवतात आणि खिशात स्ट्रिप ठेवतातच.

अजून एक गोष्ट, जी पुरुष मंडळींच्या तयारीच्या याद्यांत कधीच नसते. माझी तारीख. 47 व्या वर्षी ती तशीही भरवशाची राहिलेली नाही, पण अंदाज धरला तर नेमकी शनिवार-रविवारच्या मध्ये. पुढे ढकलायची गोळी माझ्या हाताशी आहे. एका लग्नाच्या वेळी घेतली होती, आठवडाभर अंग जड आणि मन उदास. तेव्हा नाही घ्यायची असं ठरवलं. पिशवीत दोन गोष्टी जास्तीच्या आणि एक वापरलेलं परत आणायला झिपची थैली, एवढाच उपाय. बाकी रात्रीच्या अंधाराचा बायकांना एक फायदा आहे, धारेवर आडोसा शोधावा लागत नाही, दिवा मालवला की झालं. दिवसा राजगड ते तोरणा ही जी उघडी धार आहे, तिथे काय करायचं हे मी सविस्तर लिहीत नाही. बायकांना कळेल.

सामानाची पिशवी कोपऱ्यात तयार आहे. चार दिवसांपासून. शिट्टी, दोन दिवे आणि वेगळे सेल, चंदेरी पातळ ब्लँकेट, क्रेप बँडेज, विंडचीटर, दीड लिटर पाणी, फोन, ओळखपत्र. हे सगळं सक्तीचं, सुरुवातीला तपासतात. अत्तर, सुगंधी क्रीम काही नाही, गडांवर आग्या मोहोळं असतात. मी पिशवी रोज एकदा रिकामी करून परत भरते. नवरा म्हणाला, "गरोदरपणी अशीच दवाखान्याची बॅग भरून ठेवली होतीस." ते खरं आहे. तेव्हाही नवव्या महिन्यात मी पितळेचे डबे घासले होते, हे त्याला आठवलं नाही, मला आठवलं.

आणि खुर्ची. तिच्यासाठी मी चार्ट बनवलाय. वॉर्डात पाळी बदलताना हँडओव्हरचा असतो तसा, पुठ्ठ्यावर, प्लास्टिकमध्ये घालून. पेशंटचं नाव माझंच. बेड: गुंजवणे. वेळ येण्याची, वेळ जाण्याची, मध्ये नऊ मिनिटं. पाणी भरणे. बटाटा एक. मोजे बदलणे, उभ्याने. विंडचीटर घालणे, चहा घेण्याच्या आधी. चहा हातात, चालत. "पेशंटला विचारू नये की निघणार का. पेशंटला घेऊन जावे." शेवटची ओळ लाल पेनने लिहिली आहे, आमच्याकडे ॲलर्जी असेल तर लिहितात तशी. घड्याळात दर 25 मिनिटांचा गजर लावलाय, खाण्यासाठी, पण खरं सांगायचं तर घंटी वाजावी म्हणून.

मोजे उभ्याने बदलणं वाचायला सोपं आहे. अंधारात, 28 किलोमीटरनंतर, पायात गोळे येत असताना, एका पायावर उभं राहून ओला मोजा सोलायचा आणि कोरडा चढवायचा. मी गेले तीन आठवडे रोज रात्री स्वयंपाकघरातला दिवा बंद करून सराव करतेय. पाठ फ्रीजला टेकून. पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली आणि मसाल्याचा डबा खाली आला. आता एक मिनिट चाळीस सेकंद. सासूबाई एकदा पाणी प्यायला उठल्या, दिवा लावला, मला एका पायावर बगळ्यासारखी उभी बघितली. काही न बोलता पाणी प्यायल्या आणि जाताना दिवा परत बंद करून गेल्या.

सुट्टीचंही जमलं. शनिवारची माझी नाईट एका मैत्रिणीने घेतली, बदल्यात मी तिच्या दोन नाईट आणि तिच्या दिराच्या लग्नातला रविवार घेतला. सौदा तिच्या फायद्याचा आहे, दोघींनाही माहीत आहे. शुक्रवारी रजा, कारण शर्यतीआधीच्या रात्री झोप येत नाही, हे सगळेच सांगतात. आदल्या दोन-तीन रात्रींची झोप साठवून ठेवायची. चहा-कॉफी बुधवारपासून बंद. म्हणजे रविवारी पहाटे दोनला घेतलेला पहिला घोट अंगाला लागेल. बुधवारी माझं डोकं किती दुखेल याची पूर्वसूचना मी स्टाफरूममध्ये देऊन ठेवली आहे.

ईसीजी आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. आमच्याच डॉक्टरांनी सही केली. सही करता करता म्हणाले, "सिस्टर, एवढं रात्रभर चालायचंच आहे तर इथेच चाला ना, पगार मिळतो." मी हसले. जिना उतरताना मात्र विचार केला, की खरंच, कशासाठी? मला पदकाचं काही नाही. वेळही कोणाला सांगण्यासारखी होणार नाही. गेल्या वर्षी उजाडल्यावर त्या अंगणातून नेढ्यातून येणारा उजेड बघत बसले होते, आणि माझ्या मागून गुंजवण्यात आलेले, माझ्यापेक्षा जाडजूड, माझ्यापेक्षा हळू दोघं-तिघं लोक त्या वेळी वर संजीवनी माचीवर असतील, हे कळत होतं. ती माची मी दिवसा दहा वेळा बघितली आहे. रात्र चालून तिथे पोचल्यावर ती कशी दिसते, ते बघायचंय. एवढंच असावं. नीट सांगता येत नाही.

काल दुपारी राहवेना म्हणून गुंजवण्याच्या मावशींना फोन लावला. त्यांचा नंबर माझ्याकडे ऑक्टोबरपासून आहे, शर्यतीची वाट नजरेखालून घालायला दिवसा गेले होते तेव्हा त्यांच्याकडे जेवले होते. यंदाही चहाचं टेबल त्यांच्याच अंगणात लागणार आहे. आधी मी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग भाताचं विचारलं. मग म्हटलं, "मावशी, एक काम करा ना. शनिवारी रात्री मी येईन तीनच्या सुमाराला. मला ओळखाल ना? गेल्या साली गोधडी दिली होतीत ती. ती लाल खुर्ची तेवढी आत उचलून ठेवा. आणि मी कितीही म्हटलं तरी मला बसायला देऊ नका."

पलीकडे जरा शांतता. चुलीवर काहीतरी चरचरल्याचा आवाज. मग मावशी म्हणाल्या, "खुर्ची व्हय? ती मोडली की गं पावसाळ्यात, नातवानं उड्या मारून. आता तिथं बाज टाकलीया म्या, चांगली ऐसपैस. तू ये तर खरी."